पत्र्याचं पातं

आमच्या घरात एकही वस्तू गप्प बसत नसे, मग मीच का बसावं, असं मी आत्तीला विचारायची आणि पाठीत धपाटा खायची. पुढच्या खोलीत आबांचा माग. दिवस उजाडायच्या आत त्याचं खटक-खट सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. शेजारच्या तेलुगू घरांतही माग होतेच, पण प्रत्येक मागाची चाल निराळी. डोळे मिटून गल्लीतून चालले तरी मला कळायचं, आपण कुणाच्या दारासमोर आहोत ते. मागच्या पडवीत सुताला लावायच्या खळीचं भांडं चुलीवर रटरटत असायचं, त्याचा आंबूस वास भाकरीला, केसांना, अंथरुणाला सगळ्याला यायचा. जेवायला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. वर कच्चं तेल. हुलग्याचं माडगं असलं की मी तोंड वाकडं करायची आणि आत्ती म्हणायची, "तोंड वाकडं केलं तर तसंच ऱ्हातंय, मग कोन करून घेतंय बघू." आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. आई मी रांगत असताना गेली आणि विधवा आत्ती आम्हा दोघी बहिणींना वाढवायला आली. ती आली आणि घरच तिचं झालं.

मी चुळबुळी होते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. डोळेसुद्धा माझे चुळबुळे. आबा मागाची दोरी ओढायचे, तसा धोटा या टोकाकडून त्या टोकाला जायचा. जायचा असं म्हणायचं एवढंच. मला तो जाताना कधी दिसला नाही. दिसायची ती एक तपकिरी रेघ. मी मागाच्या कडेला उकिडवी बसून डोळे फाडफाडून बघायची.

"आबा, मधी धोटा कुटं असतो?"

"मधीच असतो की."

"मग दिसत का न्हाय?"

"तुला काय करायचंय? आडवं सूत पडलं का न्हाय तेवडं बघ."

सूत पडलेलं असायचं. म्हणजे धोटा गेलेला असायचा. माझं समाधान मात्र व्हायचं नाही. आज माझा नातू व्हिडिओ लावतो आणि मधेच बटण दाबून चित्र थांबवतो, तेव्हा धावणारा माणूस एक पाय हवेत घेऊन थरथरत उभा राहतो. नातवाला ती गंमत वाटते. मला आबांचा माग आठवतो, आणि असलं बटण तेव्हा मिळालं असतं तर धपाटे तरी वाचले असते असं वाटतं.

माझी थोरली बहीण, अक्का, अगदी माझ्या उलट. पुढच्या खोलीच्या दाराशी रहाट होता, सूत गुंडाळून धोट्यासाठी कांड्या भरायचा. अक्का दिवसभर त्यावर बसायची. एका हातानं लाकडी चाक फिरवायचं, दुसऱ्या हातात सूत. तिचं सूत तुटल्याचं मला आठवत नाही. दार पूर्वेचं. सकाळचं कोवळं ऊन थेट आत यायचं, आणि थंडीच्या दिवसात कुणीही त्या उन्हाकडे तोंड करून बसलं असतं. अक्का पाठ करून बसायची. येणाऱ्याजाणाऱ्या बायका म्हणायच्या, पोरगी किती लाजाळू आहे, रस्त्याकडे मान वर करून बघत नाही. आत्तीची छाती फुगायची. बार्शीच्या एका बाईंनी आपल्या मुलासाठी अक्काला पसंत केलं तेही यामुळेच. त्यांचं तिथं कापडाचं दुकान होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी अक्काची पाठ पाहिली आणि म्हणाल्या, "दाराकडं पाठ करून बसती, कुळाची दिसती." मुलगाही बरा होता. बोलणी झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली.

संक्रांतीला त्या बाई आमच्याकडे आल्या, गड्ड्याची जत्रा बघायला आणि सूनही आणखी एकदा बघायला. आत्तीनं भोगीची भाजी अशी केली की वासानं शेजारचे लोक दारात आले. बाजरीच्या भाकरीवर तीळ, वर लोण्याचा गोळा. बाई जेवल्या आणि म्हणाल्या, जत्रेत सिनेमाचा तंबू आलाय म्हणे. झालं. मी तर आधीच दारात चपला घालून उभी होते.

तेव्हा सिनेमा मुका होता आणि तंबूत बायकांची जागा पडद्याच्या मागे होती. पुरुष पुढून बघायचे, आम्ही पाठीमागून. खेळ सुरू व्हायच्या आधी एक माणूस पिचकारीनं पडद्यावर पाणी मारायचा, म्हणजे कापड ओलं होऊन चित्र आमच्या बाजूलाही उमटावं. उमटायचं, पण उलटं. आम्हा बायकांच्या सिनेमात सगळे वीर डावखुरे होते आणि सगळी अक्षरं आरशातली. कुणाची काही तक्रार नसायची. अक्षरं तशीही किती जणींना येत होती?

यंत्र दस्तगीरचाचा चालवायचे. आमच्याच भागातले, दाढी मेंदीनं रंगवलेली, बाकीच्या दिवसांत टांगा हाकायचे. यंत्राला हाताचा दांडा होता, तो ते फिरवायचे. लढाई आली की हात जोरात, रडणं आलं की हळू. मी आधी दोनदा तिथं जाऊन आले होते. पण त्या संध्याकाळी चित्र सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांत काहीतरी टोचायला लागलं. पडदा फडफडत होता. कापड नव्हे, उजेडच. पाखरू दिव्यावर पंख मारतं तसा उजेड लागायचा, विझायचा, लागायचा, विझायचा.

"आत्ती, चित्र फडफडतंय," मी म्हणाले.

"तूच फडफडतीस. गप बस."

दोनचार बायका डोळे चोळत होत्या. एकीनं डोकं धरलं. माझ्या पलीकडे अक्का, तिच्या पलीकडे बार्शीच्या बाई. अक्का एकदम ताठ बसली होती. रडण्याचा प्रसंग आला असावा, कारण चाचांचा हात मंदावला आणि ती फडफड आणखी वाढली. मी अक्काकडे बघितलं. तिच्या पापण्या त्या उजेडाच्या तालावर उडत होत्या. मी हाक मारली. ती तिथं नव्हतीच. मग तिची मान एका बाजूला ओढली गेली, हातपाय ताठ झाले आणि ती बार्शीच्या बाईंच्या मांडीवर झटके देत कोसळली.

बायका किंचाळल्या. "फेफरं, फेफरं" असा कुणाचा तरी आवाज आला. मी आत्तीकडे बघितलं आणि तिच्या तोंडावर मला जे दिसलं ते मी आजवर विसरले नाही. भीती होती, पण भीतीच्या पाठोपाठ हिशेब होता. लग्न मोडणार, आबरू जाणार, धाकटीलाही कुणी करून घेणार नाही, हे सगळं तिच्या डोळ्यांतून डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं. तिनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून आलेल्या शेजारणीच्या करंड्यातलं कुंकू मुठीत घेतलं, अक्काच्या कपाळाला फासलं आणि दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "आई आली गं. डोंगरावरची आई आली माझ्या लेकीच्या अंगात."

बायका एकेक करून हात जोडायला लागल्या. बार्शीच्या बाईंनीही जोडले. एवढ्यात अक्का शांत झाली आणि मला विचारायला लागली, "बने, काय झालं?" तिच्या पायावर बायका डोकं ठेवत होत्या.

आत्तीची युक्ती फारच लागू पडली. दुसऱ्या दिवशी बार्शीच्या बाईंनी अक्काची खणानारळानं ओटी भरली आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, "देवी ज्या अंगात येती ते अंग आम्ही सून म्हनून कसं न्यावं? आम्हाला पाप लागंल." त्या गेल्या. घराची आबरू वाचली आणि लग्न मोडलं. आणि प्रकरण तिथंच थांबलं नाही. बायका दाराशी यायला लागल्या. कुणाचं मूल आजारी, कुणाचा नवरा घर सोडून गेलेला. अक्का रहाटावर बसलेली असायची आणि त्या तिच्यासमोर नारळ ठेवायच्या. मग मैंदर्गीहून एक जोगतीण आली. डोक्यावर देवीची परडी, गळ्यात पांढरे-तांबडे मणी. तिनं आत्तीला सांगितलं, आईनं पोरगी मागितली आहे, माघी पौर्णिमेला डोंगरावर नेऊन मणी बांधा. मणी बांधलेली मुलगी देवीची होते. तिचं लग्न कधी होत नाही. तिचं पुढं काय होतं हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, पण तो विषय निघाला की आबांचा माग थांबायचा, एवढं मला दिसत होतं. आबा बोलत मात्र काही नव्हते. मला त्यांचा फार राग यायचा. अजूनही येतो.

आत्ती रात्रंदिवस स्वतःची समजूत घालत होती. आपण बोललो ते खोटं नव्हतंच, देवीनंच आपल्या तोंडून बोलवलं, असं ती मलाही सांगायची. मला जेवण गोड लागेना. ती फडफड डोक्यातून जाईना. बाकी खेळांत ती नव्हती, त्या दिवशीच का होती? एका दुपारी आत्ती बाजारात गेली तशी मी घरातून निसटले आणि गड्ड्यावर, जत्रेतल्या त्या तंबूत शिरले.

दस्तगीरचाचा घोंगडीवर आडवे झाले होते. मला बघून दचकून उठले. देवी आल्यापासून त्यांचा तंबू भरभरून वाहत होता, त्यामुळे देवीच्या घरचं माणूस आलेलं बघून त्यांना काय करावं सुचेना. मी सरळ यंत्राजवळ गेले. "नक्को छू बेटी," ते म्हणाले, पण मी तोवर बघितलं होतं. भिंगासमोर एक गोल फिरणारा पंखा होता, आणि त्याला एकच मोठं पातं. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं. डब्याचा निळा रंगसुद्धा अजून तसाच होता.

"हे काय?"

"असली पंखा टूट गया," चाचा चरफडत म्हणाले. "तीन पातां थे उसको. मुंबई से आता तब तक यह लगाया. क्या होता इससे? तस्वीर तो दिखती."

मी हलले नाही. शेवटी त्यांनी मला फिल्मची एक तुटकी पट्टी दिली, मी निघून जावं म्हणून. मी ती उन्हाकडे धरली. एक माणूस काठी उगारून उभा. त्याच्या खाली तोच माणूस, काठी केसभर वर. त्याच्या खाली पुन्हा तोच. एकही हलत नव्हता. सगळे मढ्यासारखे गप्प.

"मग चालतो कोन?" मी विचारलं.

"कोई नहीं चलता. एक तस्वीर ठहरती, अंधेरा, दूसरी ठहरती, अंधेरा. अंधेरे में सरकाना पडता, वरना सब लंबा-लंबा पुत जाता. चलती सो तेरी आँख में."

"आणि तीन पाती कशाला?"

चाचा डोकं खाजवत म्हणाले, "एकेक तस्वीर पे तीन-तीन बार अंधेरा गिरता, तो अंधेरा दिखताच नहीं. क्यों, वह अल्ला जाने."

मी पळत घरी आले. जास्त वेळा अंधार केला तर अंधार दिसेनासा होतो, हे माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. ते बसलं दुसऱ्या दिवशी सकाळी, रहाटापुढं. अक्का चाक सुरू करत होती. आधी हळू, तेव्हा चाकाच्या आऱ्या एकेक दिसत होत्या. मग जरा वेग आला आणि आऱ्यांमधून येणारं ऊन समोरच्या भिंतीवर फडफडायला लागलं. अगदी तीच तंबूतली फडफड. मग वेग आणखी वाढला आणि आऱ्या विरघळून नुसतं धुकं राहिलं, भिंत शांत झाली. मी भिंतीकडे बघत होते आणि अक्का मान खाली घालून, चाकाकडे नाही, उन्हाकडे नाही, आपल्या हाताकडे बघत होती.

"अक्के, तू दाराकडं पाठ का करतीस?"

तिनं रहाट थांबवला. मग हळूच म्हणाली, "ऊन आन् चाक एकदम डोळ्यावर आलं की आत कायतरी निसटतंय बने. लहानपनापासनं. झाडांमधनं टांगा गेला तरी तसंच. डोळं मिटून भागत न्हाय, सगळं तांबडं फडफडतंय. एका डोळ्यावर हात धरला की थांबतंय."

"मग तंबूत का न्हाय धरलास?"

"होनारी सासू शेजारी. एक डोळा झाकून बसले असते तर म्हनल्या असत्या, पोरगी कानी हाय."

मला हसावं की रडावं कळेना. लाजाळू म्हणून जिला पसंत केलं, तिनं काणी ठरू नये म्हणून हात खाली ठेवला आणि देवी होऊन बसली. मी तिला पात्याचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आत्तीला सांगूया, मी म्हणाले. ती म्हणाली, सांगून आत्ती ऐकायची नाही.

पौर्णिमा तोंडावर आली तशी जोगतीण पुन्हा आली. सकाळची वेळ होती, ऊन दारातून आत आलेलं. तिनं परडी खाली ठेवली आणि कापडात बांधलेले मणी बाहेर काढले, नुसते दाखवायला. आत्ती तिच्याशेजारी बसली. आबा मागावर. अक्का रहाटावरून उठली, रहाट ओढून थेट दारात नेला आणि त्याच्या आतल्या बाजूला जाऊन उन्हाकडे, चाकाकडे तोंड करून बसली. आम्ही कुणी तिला असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"बने, फिरव."

मी हात मागे घेतले. "न्हाय अक्के."

"फिरव म्हनते की. लई जोरात नगं. भिंतीवर फडफडलं की तसंच ठेव."

मी फिरवलं. चाकातून येणारं ऊन तिच्या तोंडावर लागायला-विझायला लागलं. तिच्या पापण्या उडू लागल्या. ओठ एका बाजूला खेचला गेला, हातातलं सूत गळून पडलं. आबांचा माग थांबला. जोगतीण उठून उभी राहिली. आत्तीनं सवयीनं हात जोडले. मला ओरडून चाक सोडावंसं वाटत होतं. तेवढ्यात अक्काचा उजवा हात वर आला, ओझं उचलल्यासारखा, हळूहळू, आणि तिनं तळवा एका डोळ्यावर घट्ट दाबला. पापण्या थांबल्या. तोंड सरळ झालं. तिनं मोठा श्वास घेतला आणि दुसऱ्या डोळ्यानं जोगतिणीकडे बघितलं.

"थांबव आता," ती मला म्हणाली. मग जोगतिणीला, "देवी असती तर माज्या हातानं थांबली असती का?"

मला वाटलं जोगतीण आता शाप देणार. ती अक्काजवळ गेली, तिची हनुवटी धरून उन्हात तिचे डोळे बघितले आणि मणी परत कापडात बांधायला लागली. "बेडा अव्वा," ती आत्तीला म्हणाली. "नगं. हे आईचं न्हाय. आई आली की हाताचं ऐकत न्हाय." परडी डोक्यावर घेताना तिनं स्वतःच्या गळ्यातले मणी चाचपले. "मी परकर नेसायच्या आदी बांधले माजे. मला कुनी चाक फिरवून बघितलं न्हाय."

ती गेल्यावर आत्तीचा बांध फुटला. "मग काय फेफरं म्हनून सांगू गल्लीत? देवी म्हनलं तर न्हेत न्हाईत, फेफरं म्हनलं तर थुकत्यात. कोन करंल हिला?"

तेव्हा आबा मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "न करंनात. माग हाय, रहाट हाय, घर हाय. ऱ्हाईल माज्यापाशी." आणि दोरी ओढली.

अक्का आमच्याजवळच राहिली. पुढं आबांचे हात थरथरायला लागले तेव्हा मागावर तीच बसली आणि आबांपेक्षा सरळ किनार काढायला लागली. गल्लीनं चार दिवस थुंकून घेतलं आणि मग विसरली. आत्ती मात्र आपण होऊन त्यावर कधी बोलली नाही. माझं चुकलं असं ती कधीच म्हणाली नाही, आणि मी ते ऐकायला किती वर्षं कान लावून बसले होते.

गावात बोलपट आले, पक्कं थेटर आलं, यंत्राला मोटार लागली. कुणाच्या हाताच्या लहरीवर चित्र चालेनासं झालं. बायकांना पडद्याच्या पुढं जागा मिळाली आणि वीर उजव्या हातानं लढायला लागले. माझं लग्न झालं होतं, माहेरपणाला आले होते, आणि अक्का म्हणाली जाऊया. आत्तीनं किती वर्षांत सिनेमाचं नाव काढलं नव्हतं, पण त्या दिवशी तीही काठी घेऊन निघाली. कशाला, ते बोलली नाही. आमच्या मधोमध अक्का बसली, मांडीवर पदरात भाजलेल्या शेंगा, दोन्ही हात त्या सोलण्यात गुंतलेले. चित्र छान चाललं होतं, पाण्यासारखं. मी बघत होते आणि मधूनच अक्काकडे बघत होते. मग विजेचं काय झालं कोण जाणे, गाणाऱ्या बाईचा आवाज एकदम जाड होऊन ओढल्यासारखा झाला आणि पडदा फडफडायला लागला.

मी वळले. पण माझ्या आधी दुसरा हात पोहोचला होता. आत्तीचा. खळीचा वास असलेला, हाडांचा तळवा तिनं अक्काच्या डोळ्यावर दाबून धरला होता आणि स्वतः पडद्याकडे बघत होती, जसं काही झालंच नाही. तिला काय माहीत कितपत दाबायचं. तिनं चांगलाच दाबला होता. थोड्या वेळानं आवाज सरळ झाला, चित्र पुन्हा पाण्यासारखं वाहू लागलं. आत्तीनं हात काढला नाही.

"आत्ती, थांबलं की आता," अक्का म्हणाली. "सोड. मला दिसंना."

"एका डोळ्यानं दिसतंय तेवडं बास हाय," आत्ती म्हणाली, आणि खेळ संपेपर्यंत तिनं तो हात तसाच ठेवला.